स्पीकर घ्यायचाय? आधी दुकानदार पारखा!

'किती वॅटचा?' हा प्रश्न आपण विचारतो. चांगला दुकानदार मात्र 'खोली केवढी?' असे विचारतो. साउंड सिस्टीम घेताना विक्रेता कसा निवडायचा? जाणून घेऊया.

छत्रपती संभाजीनगर : गेल्या दिवाळीत आमच्या घरी होम थिएटर आले. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते, '5000 वॅट पीएमपीओ'. बाबांना नाट्यसंगीत ऐकायचे होते. प्रत्यक्षात घरात नुसती धडधड सुरू झाली आणि गाण्याचे शब्द काही कळेनात. इंजिनिअर मुलगा सोबत असूनही फसगत झाली. कारण दुकानात आम्ही फक्त भाव विचारला आणि दुकानदारानेही फक्त भावच सांगितला.

वॅटचा घोळ नेमका काय?

पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणाऱ्या ताकदीचा दावा. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. बघायचा आकडा 'आरएमएस'चा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. सोपी युक्ती म्हणजे यंत्राच्या मागचे स्टिकर वाचा. आमच्या सेटच्या मागे वीजवापर 60 वॅट लिहिला होता. 60 वॅट वीज घेणारे यंत्र सतत 5000 वॅट देणार कुठून?

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. 87 डेसिबलच्या स्पीकरला 90 डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. हा फरक समजावून सांगणारा दुकानदार भेटला तर तिथे थोडा वेळ बसायला हरकत नाही.

जाणकार दुकानदार कसा ओळखायचा?

- तो आधी प्रश्न विचारतो. खोली किती बाय किती? खाली फरशी की सतरंजी? काय ऐकता? टीव्हीला जोडायचा का? आपल्याकडच्या फरशी आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोल्यांत आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा, लगेच कळेल.
- तो तुमचे गाणे लावू देतो. ओळखीची दोन-तीन गाणी मोबाइलमध्ये घेऊन जा. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखाच ठेवायला सांगा. जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाचच चांगला वाटतो.
- तो महागडी वायर गळ्यात मारत नाही. घराच्या वायरिंगसाठी वापरतात ती 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर अंतरासाठी पुरते. जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.12 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे.
- तो 'नको' म्हणू शकतो. अॅम्प्लिफायर 4 ओहमच्या स्पीकरसाठी बनलेला नसेल, तर तो तापून बंद पडू शकतो. विक्री बुडाली तरी हे सांगणारा दुकानदार खरा.

शहरात घ्यावे की पुण्या-मुंबईत?

पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक्ससाठी प्रसिद्ध आहेत. तिथे निवड जास्त मिळते. पण पुणे आपल्यापासून सुमारे 235 किलोमीटरवर आहे. स्पीकर बिघडला तर तो घेऊन पुन्हा तेवढा प्रवास करायचा का, हा विचार भाव करतानाच करा.

आपल्याकडे जालना रोड, निराला बाजार, कॅनॉट या भागांत शोरूम आहेत, तर पैठण गेट, गुलमंडीकडे जुन्या धाटणीची दुकाने. कुठेही गेलात तरी 'दुरुस्ती कोण करणार आणि कुठे?' हा प्रश्न विचाराच. मोठे नाव म्हणजे कायमची सेवा असे नाही. शेजारच्या चितेगावात ज्यांचे टीव्ही बनत होते, त्या व्हिडिओकॉनवर 2018 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, हे आपल्या शहराला वेगळे सांगायला नको.

गावातल्या भजनी मंडळाला, मंगल कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकवाल्याला विचारा. त्यांची यंत्रे रोज वापरात असतात. कोणता दुकानदार अडीनडीला फोन उचलतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

बिल का घ्यायचे?

'बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

परदेशी ब्रँड फारच स्वस्तात मिळत असेल, तर तो दुकानदार अधिकृत विक्रेता आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. अनधिकृत मार्गाने आलेल्या मालाला भारतातली वॉरंटी मिळेलच असे नाही.

आमच्या होम थिएटरचे काय झाले?

आम्ही ते विकून नवीन घ्यायला निघालो होतो. जुन्या शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. काकांनी खोलीचा फोटो मागितला, तो बघितला आणि म्हणाले, "बेटा, नवीन घेऊ नका. बेसचा डबा कोपऱ्यातून काढा, त्याचा आवाज अर्ध्यावर आणा आणि खाली सतरंजी टाका. तरी जमलं नाही, तर या." पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

सेट भारी झाला नाही, पण शब्द कळू लागले. बाबा आता रोज संध्याकाळी गाणी लावतात. पुढची खरेदी कुठून करायची, हे आमच्या घरात ठरले आहे.