डॉक्टरकडे केव्हा जावे?



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला गावातले आजारपण फार लवकर कळते. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला कोणी आले की आम्ही सहज कारण विचारतो. उत्तरे बहुधा दोनच असतात, घरातले लग्न नाही तर दवाखाना. लग्नासाठी पैसे काढणारा माणूस नोटा मोजून घेतो. दवाखान्यासाठी पैसे काढणारा मोजतसुद्धा नाही, तसाच खिशात घालून एस.टी. नाही तर गाडी गाठायला निघतो. अशा कितीतरी माणसांशी आम्ही नंतर बोललो आहोत. बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली : दुखणे महिना-दोन महिन्यांपासून अंगावर काढले होते. सुरुवातीला जे थोड्या पैशांत भागले असते, त्यासाठी शेवटी बायकोच्या गळ्यातले गहाण पडले.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि नोकरी आकड्यांची करतो. तरीही हा विषय लिहायला घेतला, कारण कोणता आजार आहे हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे असले, तरी डॉक्टरकडे केव्हा जायचे हे मात्र घरातल्या माणसांनाच ठरवावे लागते. तेवढे शहाणपण प्रत्येक घरात असले पाहिजे.

आमच्याच घरातली चूक

१९९८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे जेवण झाल्यावर वडिलांच्या छातीत जळजळू लागले. दरदरून घाम आला. डावा हात जड झाला आहे, असे ते दोनदा म्हणाले. घरातल्या सर्वांनी निदान केले की पित्त झाले. सोडा पाजला, ओवा दिला, पाठ चोळली. शेजारच्यांनी गाडी करून कुर्डुवाडीला नेण्याचे सुचवले, तर वडीलच म्हणाले, "एवढ्या रात्री कशाला पैसे घालवता? सकाळच्या गाडीने जाऊ." आम्ही ऐकले. सकाळी डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि एवढेच विचारले, "रात्रीच का आणले नाही?" वडील वाचले, पण हृदय कायमचे कमकुवत झाले. त्यानंतर ते चार वर्षे जगले, परंतु कामावर पुन्हा कधी गेले नाहीत. त्या एका रात्री वाचवलेले गाडीभाडे आम्हाला किती महाग पडले, याचा हिशेब बँकेत इतकी वर्षे काढूनही लागलेला नाही.

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे दुखणे पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही, सोबत घाम, धाप, मळमळ असली किंवा दुखणे खांद्यात, हातात, जबड्यात गेले, तर पित्त की हृदय हा वाद घरात घालू नये. तो वाद कार्डिओग्रामने मिटू द्यावा. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम आणि दम लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आधी मेंदूचा फोटो काढावा लागतो, म्हणून ती सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्यावे. केमहून सोलापूर लांब आहे. त्यामुळे तेल लावून सकाळची वाट पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

ताप आणि सर्दी

दुसऱ्या टोकाला असेही लोक आहेत, जे नाक गळू लागले की इंजेक्शन मागतात. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिच्यावर अँटिबायोटिक औषधे चालत नाहीत. उगीच घेतल्यास पुढे खरी गरज पडते तेव्हा ती लागू पडत नाहीत. सर्दीला विश्रांती, कोमट पाणी, वाफ आणि ताप असेल तर पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

ताप मात्र तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला की डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासावे. पावसाळ्यात तर हे आवर्जून करावे. डेंग्यूचा ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि त्याच दिवसांत पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीचा थकवा सुरू होतो. अशा वेळी तासाभराचाही उशीर नको. ताप कशाचा हे कळेपर्यंत अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काहींमुळे रक्तस्राव वाढतो. तापाबरोबर मान ताठणे, झटके, भ्रम किंवा धाप असली, अथवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर तीन दिवस मोजायचे नाहीत. त्याच दिवशी, त्याच वेळी जायचे.

खोकला

आपले केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. कारखान्यात काम करणाऱ्याला खोकला झाला की तो म्हणतो, "रंगाची धूळ जाते, चालायचंच." ऊसतोडीला जाणारा म्हणतो, "थंडीत उघड्यावर झोपलो." बिडी ओढणारा तर खोकल्याला खोकला समजतच नाही. प्रत्येकाजवळ कारण तयार असते आणि त्या कारणामागे क्षयरोग लपून राहतो.

म्हणून कारण काहीही असो, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला की थुंकीची तपासणी करावी. सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नये. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. औषध चालू असेपर्यंत रुग्णाच्या खात्यात आहारासाठी सरकारी मदत जमा होते. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झाली आहे. बरे वाटते म्हणून दोन महिन्यांनी गोळ्या सोडणारा स्वतःचे आणि शेजाऱ्याचेही नुकसान करतो. क्षय लपवण्यात अब्रू राहत नाही. तो बरा करण्यात राहते.

जुलाब

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचवले. तेच पाणी आज ओ.आर.एस.च्या पुडीत मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्या स्वच्छ पाण्यात, मोठी पुडी असेल तर एक लिटरमध्ये, ते करावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. घोट घोट पाजत राहावे, बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये.

एवढे करूनही मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त पडले किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर घरचा उपाय संपला असे समजून निघावे.

न दुखणारी दुखणी

मजुरी बुडेल म्हणून आपली माणसे दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाहीत. परंतु रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे दुखत नाहीत. दुखू लागतात तेव्हा मूत्रपिंड, डोळे किंवा हृदय बिघडलेले असते. म्हणून वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासावेत. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४० / ९० किंवा त्याहून अधिक आला, अथवा उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून वर आली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत आणि शेजाऱ्याच्या गोळीवर चालवू नये.

घरातील स्त्रियांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. पोरांचा ताप त्यांना हात न लावता कळतो, स्वतःचा मात्र कळत नाही. चक्कर, धाप, फिकटपणा म्हणजे रक्त कमी असल्याची खूण. स्तनातील गाठ, पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव या गोष्टी लाजेखातर लपवल्या जातात. बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आपल्यापासून जवळ आहे. तेथे वेळेवर गेलेली बाई आणि उशिरा गेलेली बाई यांत फरक नशिबाचा नसतो, महिन्यांचा असतो. भावांनो, घरातील बाई "काही नाही, होईल बरं" असे म्हणाली, तर दुसऱ्यांदा विचारा.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. दोन आठवडे झोप न लागणे, अभ्यासात व जेवणात मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे हेही आजारच आहेत. त्यांत कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते आणि नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगता येते.

साप, विंचू, कुत्रा

येथे देवऋषी आणि उतारा यांना जागा नाही. साप चावल्यास जागा कापू नये, दोरी आवळून बांधू नये, तो अवयव न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी, कारण पिसाळण्याचा रोग एकदा उमटला की त्यावर इलाज नाही. विंचवाबद्दल तर आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले. विंचवाच्या विषाने हृदय व फुप्फुसांवर होणारा परिणाम प्राझोसिन नावाच्या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने आटोक्यात येतो, हे त्यांनी खेड्यातल्या रुग्णांवर काम करून जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ती गोळी उपयोगी पडते ती रुग्ण वेळेत पोचला तरच.

आधी कोणाकडे?

डोके दुखले की मेंदूचा डॉक्टर आणि पाठ दुखली की हाडांचा, अशी धाव घेऊ नये. आधी नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ज्याला आपले घर, काम, जुनी दुखणी माहीत आहेत, तोच पुढे कोणाकडे जायचे ते नीट सांगतो. तातडीचा प्रसंग तेवढा याला अपवाद.

जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, हे सरळ सांगावे. दारू, तंबाखू लपवू नये. इंजेक्शन आणि सलाईनचा आग्रह धरू नये. कळले नाही तर पुन्हा विचारावे. विचारणे म्हणजे अपमान करणे नव्हे.

पैशांची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण सवलतीही माहीत हव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य धावते. मोठ्या आजारांसाठी २०१२ साली सुरू झालेल्या योजनेत पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. तीच आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. रेशनकार्ड, आधार आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी खुंटीला अडकवून ठेवावी. रात्री दोन वाजता पेटी उचकटत बसायला नको.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई फुले सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात चालत गेल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ गाडी नव्हती, फोन नव्हता. आपल्याजवळ दोन्ही आहेत. तरीही आपण सकाळची वाट पाहतो.

आमच्या वडिलांच्या वेळी आम्ही वाट पाहिली. आपण पाहू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जयभीम.