सॉफ्टवेअरचा आराखडा व सोर्स कोड : सुसंगतीचा प्रश्न

सॉफ्टवेअरची रचना प्रथम आराखड्यात मांडून त्यानुसार सोर्स कोड लिहिणे ही सर्वपरिचित पद्धती होय. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९७ मध्ये 'यूएमएल' ही आरेखनभाषा स्वीकारल्याने आराखड्यांना प्रमाणित रूप लाभले. तथापि पुढील दुरुस्त्या बहुधा कोडमध्येच होतात आणि आराखडा जुनाच राहतो. त्यावर विसंबून बदल करणाऱ्या नव्या प्रोग्रामरची दिशाभूल होते.

कोडवरून आराखडा पुन्हा काढणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यांना मर्यादा आहेत. यूएमएलमध्ये 'असोसिएशन' आणि 'ॲग्रिगेशन' हे संबंध निरनिराळ्या चिन्हांनी दर्शविले जातात. जावामध्ये मात्र दोन्हींसाठी क्लासमध्ये सारखेच फील्ड लिहिले जाते. त्यामुळे रचनाकाराचा हेतू कोडवरून निश्चित करता येत नाही.

या संदर्भात मर्फी, नॉटकिन व सुलिव्हन यांनी १९९५ मध्ये मांडलेली 'रिफ्लेक्शन मॉडेल' पद्धती उल्लेखनीय आहे. तीत आराखडा व कोड यांची तुलना करून संबंधांचे तीन गट केले जातात : दोहोंत जुळणारे, केवळ कोडमध्ये आढळणारे आणि केवळ आराखड्यात असलेले. विसंगती यंत्र दाखविते. चूक आराखड्याची की कोडची, हा निर्णय मात्र रचना जाणणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.