लोखंडाच्या मातीत उपाशी झाड

दोस्तांनो, घरात एखादं चुंबक असेल तर शोधून काढा. बिघडलेल्या स्पीकरमधलं मिळालं तर फारच छान. ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि अंगणातल्या कोरड्या मातीतून, नाहीतर दुधनेच्या किंवा पूर्णेच्या वाळूतून सावकाश फिरवा. पिशवीला काळ्या, चमकदार कणांचा झुपका चिकटून येईल. चिमटीत धरून चोळा, खरखरीत लागेल. हे मॅग्नेटाइट. लोखंडाचं खनिज!

परभणी जिल्ह्यात कुठेही खोल खणलं तरी खाली काळा पाषाण लागतो. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरांवर थर साचले आणि थंड होऊन हा दगड तयार झाला. त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा लोखंडाच्या संयुगांचा असतो. तो झिजून झिजून आपली काळी माती झाली. म्हणजे सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, कुठेही उभे राहा, पायाखाली लोखंड आहेच.

आणि तरीही याच मातीतली झाडं लोखंडावाचून पिवळी पडतात. आहे की नाही नवल?

कुंडीतल्या जास्वंदीकडे नीट बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळीफटक, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार. पानावर हिरव्या रेघांची जाळी काढलेली दिसते. खालची जुनी पानं अजून बरी असतात. ही खूण लक्षात ठेवा, कारण सगळा तपास तिच्यापासून सुरू होतो. झाडाला नत्र कमी पडलं तर ते जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी होतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून उपासमार होते ती नव्या पानांची. पानाचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. त्यात लोह नसतं, पण ते बनवताना लोह लागतंच. उसावर, भुईमुगावर असा पिवळेपणा आला की शेतकरी म्हणतात, ‘केवडा पडला’.

जास्वंद निदान इथे रुळलेली आहे. पण कुणी हौसेनं अझेलियाची कुंडी आणली तर? तिच्या गुलाबी-लाल फुलांच्या घोसांवर नजर ठरत नाही. ती ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली. उत्तराखंडाचा राज्यवृक्ष बुरांश आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल लालीगुरांस हे तिचे नातेवाईक. १८४८ ते १८५० या काळात जोसेफ हूकर नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला, तेव्हा या कुळातली कितीतरी झाडं त्यानं पहिल्यांदा जगाला दाखवली. धुकं, गारवा आणि कुजलेल्या पानांची भुसभुशीत जमीन हे त्यांचं माहेर. अशी पाहुणी परभणीच्या काळ्या मातीत आली की थोड्याच महिन्यांत पिवळी पडते, पानांच्या कडा करपतात, कळ्या न उमलताच गळतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हिला खत कमी पडतंय’, आणि चमचाभर युरिया टाकतं. तो टाकू नका! आधीच दुबळी झालेली बारीक मुळं त्यानं भाजतात.

खरा घोटाळा आहे सामूचा. माती आंबट म्हणजे आम्लधर्मी आहे की त्याउलट अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. त्यालाच पीएच म्हणतात. सोरेनसन नावाच्या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०९ साली ही मोजपट्टी बनवली. लिंबाचा रस साधारण २, शुद्ध पाणी ७, आणि बुलडाण्याच्या लोणार सरोवराचं खारं पाणी १० च्या आसपास. अझेलियाला हवा साडेचार ते सहा. आपल्या काळ्या मातीचा बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. तुम्ही म्हणाल, दोन-तीन आकड्यांनी काय बिघडतं? या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट. ५ आणि ८ यांच्यात हजारपटींचा फरक आहे! आणि लोहाचं गणित त्याहून कडक. सामू एका पायरीनं वाढला की पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजारपटीनं कमी होतं. झाडाची मुळं दगड चावू शकत नाहीत, जे विरघळलेलं आहे तेवढंच ती पितात. ताट वाढलेलं समोर आहे आणि हात पाठीमागे बांधलेले आहेत, अशी झाडाची गत होते. एक किलो मातीत लोखंड कित्येक ग्रॅम असतं, पण झाडाच्या उपयोगी पडेल असं काही मिलिग्रॅमच. हा आकडा साडेचार मिलिग्रॅमच्या खाली गेला की मातीत लोहाची कमतरता आहे असं धरतात.

हा सामू वाढवला कुणी? चुन्यानं. बेसाल्टमध्ये कॅल्शियमही भरपूर असतं. दगड झिजताना ते सुटं होतं आणि त्याचा चुना बनतो. महाबळेश्वरला दगड हाच, पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळतो, चुना धुऊन नेतो आणि मागे लाल, आंबटाकडे झुकणारी माती उरते. मराठवाड्यात एवढा पाऊस कुठला? इथे चुना जागच्या जागी साचतो आणि त्याचे पांढुरके खडे होतात. शेतात नांगरट झाली की ते वर येतात, तुम्ही पाहिलेही असतील. असा एक खडा बशीत ठेवून त्यावर लिंबू पिळा. कान जवळ नेऊन ऐका, बारीक चुरचुर ऐकू येईल आणि बुडबुडे निघतील. तो कार्बन डायऑक्साइड वायू. माझ्या मते परभणीच्या प्रत्येक शाळेत हा प्रयोग व्हायला हवा, कारण आपल्या जमिनीचा स्वभाव एवढ्या स्वस्तात दुसरं काही सांगत नाही.

चुना पाण्यातूनही येतो. बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर, कुंडीच्या काठावर पांढरे थर दिसतात ना, तेच रोज थोडं थोडं मुळांशी जाऊन बसतं. म्हणून कुंडीत चांगली माती घातली तरी वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न.

चला, आता आपली अझेलिया वाचवू या. आधी ती जिवंत आहे का ते बघा. वाळल्यासारख्या फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवट, ओलसर दिसलं तर फांदीत जीव आहे. तपकिरी आणि कोरडी असेल तर ती कापून टाका. मग मोठ्या माणसाच्या मदतीनं रोप कुंडीतून हलकेच बाहेर काढा. अझेलियाची मुळं केसाहून बारीक असतात. इतर झाडांच्या मुळांवर लव असते तसे मूलरोम यांच्यावर नसतात. त्याऐवजी एक बुरशी मुळांच्या आत घर करून राहते आणि कुजक्या पाल्यातलं अन्न शोधून देते. चिकट काळ्या मातीत ही मुळं गुदमरतात. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

असा कोरडा गड्डा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की तो भिजला. बाहेरची काळी माती बोटांनी अलगद काढा. तळाला भोकं असलेल्या कुंडीत धुतलेलं कोकोपीट आणि पूर्ण कुजलेला पालापाचोळा भरून रोप लावा, पहिल्यापेक्षा खोल मात्र नको, कारण ही मुळं वरच्या थरातच पसरतात. राख, चुना, अंड्याची टरफलं यातलं काही घालू नका. गुलाबाला कुणी घालत असेल, हिला ते बाधतं. पाणी पावसाचं. पत्र्यावरून पडणारं पाणी पिंपात धरून ठेवा. त्याचा सामू साडेपाचच्या आसपास असतो, अगदी अझेलियाच्या पसंतीचा. कुंडी सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवा. खरं सांगायचं तर परभणीचा हिवाळा तिला मानवतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा तिला घराच्या गार कोपऱ्यात घ्यावंच लागतं.

आणि लोह? त्यासाठी फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस. खतांच्या दुकानात मिळतं. हे हिरवट खडे चुनखडीच्या मातीत टाकले तर थोड्याच वेळात गंजून निकामी होतात, म्हणून ते पानांवर फवारतात. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्रिस या शास्त्रज्ञानं पिवळ्या पानांना लोहाचं पाणी लावून ती हिरवी होतात हे दाखवलं. तुम्हीही करून बघा, पण जास्वंदीवर. आई-बाबांना लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवायला सांगा. संध्याकाळी कापसाच्या बोळ्यानं पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला ते लावा. काही दिवसांनी जिथे बोळा फिरला तिथे हिरवे ठिपके उमटतील. फरशीवर सांडू नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

सगळी झाडं अशी हतबल नसतात बरं का. गवताच्या कुळातली पिकं मुळांतून एक खास द्रव्य सोडतात. ते लोहाला धरतं आणि मूळ दोघांना मिळून आत ओढून घेतं. बार्ली यात पटाईत, आपली ज्वारीही थोडंफार करते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, जे १९७२ साली सुरू झालं, ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या साथीनं तयार झाला. २०१८ साली तो प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त असतं. ज्या मातीत अझेलिया उपाशी राहते, त्याच मातीतून हे पीक आपल्या भाकरीत लोह आणतं. मला हे अझेलियाच्या फुलांहूनही सुंदर वाटतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अझेलियाचं पान, फूल तोंडात घालायचं नाही, शेळीलाही खाऊ द्यायचं नाही. त्यात ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. इसवी सनापूर्वी ४०१ साली काळ्या समुद्राकाठी झेनोफनच्या ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि ते भोवळ येऊन पडले. तो मध याच कुळातल्या फुलांचा असावा, असं मानतात. सैनिक काही दिवसांत बरे झाले, पण शेळीची खात्री कोण देणार?

तुमच्या घरी शेती असेल तर बाबांकडे किंवा आजोबांकडे मृदा आरोग्य पत्रिका मागा. २०१५ पासून सरकार ती शेतकऱ्यांना देतं. तिच्यात ‘सामू’ आणि ‘लोह’ अशा दोन ओळी शोधा, आकडे वहीत उतरवा आणि शेजारच्या शेताच्या आकड्यांशी ताडून बघा. कुणाच्या शेतात ७ च्या खालचा सामू सापडला, तर गावाचं नाव घालून आम्हाला पोस्टकार्ड जरूर टाका.