शिधा द्यायचाय? आधी हे बघा
चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथं सेवासंकल्प प्रतिष्ठान बेवारस मनोरुग्णांना सांभाळतं. अशा ठिकाणी रोज दोन्ही वेळा मोठा स्वयंपाक असतो. म्हणून आधी फोन करून काय संपलंय ते विचारा. वाढदिवसाला बहुतेक जण गोडधोड नेतात. तेल, मीठ, तिखट, चहापत्ती, साबण मात्र राहून जातात. पिठापेक्षा गहू-ज्वारी द्या. पीठ महिना-दोन महिन्यांत खवट होतं, वाळवलेला दाणा वर्षभर टिकतो. तूरडाळ केव्हाही उपयोगी, फक्त मूठभर तळहातावर घेऊन बघा. पांढरी भुकटी, भोकं किंवा जाळी दिसली तर कीड लागलीय. लग्नातला उरलेला वरण-भात विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन तासांतही नासू शकतो, तो गरम असतानाच पोचवा.