हुकलेल्यांची हळहळ (लेखांक ६)

ठाण्यात रिक्षावाल्याला ‘कॅसल मिल’ म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. गिरणी कधीच गेली, नाका राहिला. ‘गोल्डन डाइज’चंही तेच. या नावांनी कुणाचा जीव तुटत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ‘प्रीमियर’ या मोटार कारखान्याचं नाव काढलं, की जुना डोंबिवलीकर मात्र उसासा टाकतो. नव्वदच्या दशकात इथे प्यूजो ३०९ बनू लागली, डोंबिवलीची गाडी देशभर धावणार अशी हवा झाली, आणि १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार निघूनही गेला. गिरणी निदान चालून थकली होती. इथे सगळं जुळून येता येता फिसकटलं, म्हणून हळहळ जास्त.

क्रिकेटच्या मैदानावरही हाच नियम. सलील अंकोला, विनोद कांबळी यांच्याबद्दल तासन्‌तास बोलणारी माणसं कट्ट्याकट्ट्यावर भेटतात. कांबळी शेवटची कसोटी १९९५ मध्ये खेळला. तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता आणि कसोटीतली सरासरी ५४ च्या वर. पण आपल्या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण कल्याणचं आहे.

जानेवारी २०१६. वायले नगरचं मैदान, एच. टी. भंडारी चषक, सोळा वर्षांखालची आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे पहिल्या दिवशी ६५२ वर नाबाद राहिला. दुसऱ्या दिवशी थांबला तेव्हा फळ्यावर १००९ होते, तेही नाबाद. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी पोराचा ६२८ धावांचा १८९९ पासूनचा विक्रम मोडला. सचिनने बॅट पाठवली. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांच्या घरी कॅमेऱ्यांची रीघ लागली.

आता फळ्याची दुसरी बाजू वाचू. समोरचा आर्य गुरुकुलचा संघ ३१ आणि ५२ धावांत गारद झाला. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला होता. समोर बरीचशी लहान पोरं होती, एका अंगाला सीमारेषा अगदी जवळ होती आणि झेल सुटले त्याची गणतीच नाही. यात प्रणवचा काय दोष? त्याने समोर आलेला चेंडू मारला, आणि दोन दिवस तसं मारत राहायला दम लागतोच. पण निवड समितीला जे पाहायचं असतं, म्हणजे वेगवान गोलंदाजाचा उसळता चेंडू किंवा वळणाऱ्या खेळपट्टीवरची फिरकी, त्यातलं काहीच या डावात समोर आलं नव्हतं. हजार धावांतून त्याची चिकाटी कळली, तयारी कळायला वाव नव्हता. तेवढ्यावर आपण थेट त्याला वानखेडेवर नेऊन उभं केलं.

अमोल मुजुमदारची गोष्ट वेगळी. त्याने पहिल्याच रणजी सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० केल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या. तरी भारताची टोपी मिळाली नाही, कारण मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसले होते. तिथे ‘हुकला’ म्हणायला आधार आहे. प्रणवच्या बाबतीत हा शब्द मला घाईचा वाटतो. पंधराव्या वर्षी पोराचं हुकतं काय?

त्याला मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती, पाच वर्षांसाठी. पुढे धावा आटल्या. त्याच्यावरच्या अपेक्षांचं ओझं सगळ्यांना दिसत होतं, उतरवायला कोणी येत नव्हतं. २०१७ मध्ये वडिलांनीच संघटनेला कळवलं, की पोराची कामगिरी मनासारखी होत नाही, तोवर पैसे थांबवा. दहा हजार ही रिक्षावाल्याच्या घरात लहान रक्कम नव्हे. त्या डावाबद्दल बोललेल्या, लिहिलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा हा हिशेब जास्त रोखठोक होता.