महाविद्यालयीन चौकशीतील साक्षीदार

शिस्तभंगाची चौकशी करणारी महाविद्यालयीन समिती म्हणजे न्यायालय नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्या. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम तिला लागू नसतात आणि साक्षीदारावर सक्ती करण्याचा अधिकारही तिच्याकडे सहसा नसतो. साक्षीदार स्वतःहून पुढे आला, तरच त्याचे म्हणणे नोंदवले जाते.

तो का येत नाही, हे समजण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारखे गाव डोळ्यांपुढे आणा. साक्षीदार आणि आरोपी एकाच एसटीने महाविद्यालयात जातात. दोन्ही घरांचा रोजचा संबंध असतो. येथे नाव उघड होणे हीच साक्षीदाराला शिक्षा ठरू शकते. मग आरोपीला त्याची उलटतपासणी घेऊ द्यावी काय?

रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील प्रकरणात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जून १९७२ मध्ये काही विद्यार्थ्यांनी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरून अश्लील वर्तन केले. छत्तीस विद्यार्थिनींनी तक्रार केली. चौकशी समितीने त्यांचे जबाब आरोपींच्या अनुपस्थितीत घेतले. मात्र ओळख पटवताना आरोपींची छायाचित्रे इतर अनेक छायाचित्रांत मिसळून दाखवली. त्यानंतर आरोपींना बोलावून, मुलींची नावे न सांगता, आरोप समजावले व त्यांचे म्हणणे घेतले. चौघांना काढून टाकण्यात आले. न्यायालयाने १९७३ मध्ये ही कारवाई योग्य ठरवली : नैसर्गिक न्यायाची तत्त्वे परिस्थितीनुसार लवचीक असतात, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय पुष्कळदा अर्धाच सांगितला जातो. नावे गुप्त राहिली, एवढेच लक्षात राहते; छायाचित्रांची ती साधी युक्ती विसरली जाते. वस्तुतः उलटतपासणीची उणीव काही अंशी तिनेच भरून काढली. समिती साक्ष पारखत नसेल, तर गोपनीयतेआडून सूड उगवणाऱ्यालाही वाट मोकळी होते.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी साक्षीदाराला त्रास होऊ न देण्याची जबाबदारी अंतर्गत तक्रार समितीवरच टाकली आहे. प्रत्यक्ष साक्षीदार नसला, तरी चौकशी अडत नाही. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गुणवाढ प्रकरणात (१९९१) परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा मानला गेला.

तुमच्यावर जबाब देण्याची वेळ आली, तर पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहा. वेळ, अंतर, उजेड नोंदवा. लेखनिकाने उतरवलेला मजकूर पूर्ण वाचल्यावरच सही करा.