तीन तारा, १२८ बाइट

सीरियल पोर्टवरून दोन संगणक जोडायला तीन तारा पुरतात. नऊ पिनांच्या कनेक्टरवर एकाची २ नंबरची पिन दुसऱ्याच्या ३ ला, ३ नंबरची २ ला, आणि ५ ला ५, म्हणजे ग्राउंड. घड्याळाची वेगळी तार नसल्याने वेग दोन्हीकडे आधीच सारखा ठरवावा लागतो. ९,६०० बिट वेगाला स्टार्ट-स्टॉप बिट धरून सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीतला ऐवज पाठवायला २५ मिनिटं! (फ्लॉपी खिशात घालून चालत गेलेलं बरं.)

खरी कसोटी प्रोग्रॅमची. वाटेत बाइट बिघडला तर तार काही सांगत नाही. शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये काढलेला तोडगा पुढे ‘एक्समोडेम’ म्हणून रूढ झाला. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येकापुढे एक खूण, तुकड्याचा क्रमांक आणि २५५ मधून तो वजा करून आलेला आकडा; शेवटी माहितीच्या सगळ्या बाइटांची बेरीज, तीही एका बाइटात मावेल तेवढीच. घेणारा संगणक स्वतः बेरीज करून पाहतो. जुळली तर ‘मिळालं’, नाही तर ‘पुन्हा पाठव’.

पण दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते! म्हणून नंतर १६ बिटांची सीआरसी तपासणी आली. शेवटचा तुकडा अपुरा असेल तर तो सहसा २६ या आकड्याने भरतात, त्यामुळे पोचलेली फाइल मूळ फाइलपेक्षा किंचित मोठी निघू शकते.